दारातला उखाणा

नंदूकाका कोरगावकरांनी दाढी वाढवली तेव्हा कॉव्हेंट्रीच्या मराठी मंडळात आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी झाली आणि मग कुजबुज सुरू झाली. "शेवटी दाढीवाल्यांसारखेच दिसायला लागले की हो," असं पाडव्याच्या जेवणाच्या रांगेत कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मंडळाला प्रत्येक गोष्टीचं कारण सापडतं आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. या वेळी निदान अर्धं तरी बरोबर होतं.

दाढीवाले म्हणजे एकोणिसाव्या शतकातले एक अमेरिकन कवी. त्यांच्या देशाने तर त्यांना डोक्यावर घेतलं होतंच, पण इथे इंग्लंडातही त्यांच्या कविता घरोघरी पाठ असायच्या. शाळेतली पोरं उभी राहून त्या घडाघडा म्हणायची. पुढे प्राध्यापक मंडळींनी नाकं मुरडली, फारच सोपं लिहितात म्हणाले, आणि बिचारे अडगळीत गेले. नंदूकाकांना ते भेटले बसमध्ये.

नंदूकाका सिटी बसचे ड्रायव्हर. आले होते मोटारीच्या कारखान्यात, कारखाना बंद पडला आणि स्टिअरिंग हातात आलं. त्यांच्या बसला रोज एक नव्वदीची इंग्रज बाई असायची. ती पुढच्या सीटवर बसून पुटपुटायची. एकदा त्यांनी विचारलं, तर तिने शाळेत पाठ केलेली अख्खी कविता म्हणून दाखवली आणि मागची माणसं खोळंबली. पुढच्या आठवड्यात तिने एक जाड पुस्तक आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते तिला शाळेत बक्षीस मिळालेलं होतं. पहिल्याच पानावर कवींची तसबीर, छातीपर्यंत पांढरीशुभ्र दाढी.

शेवटच्या स्टॉपवर बस सात मिनिटं थांबायची. त्या सात मिनिटांत नंदूकाका ड्यूटीच्या कागदांच्या पाठीवर त्या कवितांचं मराठी करायला लागले. कशाला, असं कुणी विचारलं तर सांगता आलं नसतं. घरात मराठी बोलणारी दोनच माणसं, लेक तनू प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी. आपली भाषा तोंडातल्या तोंडात गंजून जाईल अशी त्यांना भीती वाटत असावी.

शनिवारी सकाळी ते कागद घेऊन स्वयंपाकघरात बसायचे. मधुमती पोळ्या लाटायची आणि ते वाचायचे. ती लाटता लाटता ऐकायची. ओळ नीट असली की लाटणं फिरत राहायचं. ओळ अडखळली की लाटणं थांबायचं. ती तोंडाने काही बोलायची नाही, नुसती थांबायची. नंदूकाका पेन्सिलीने ओळ खोडायचे, दुसरी म्हणायचे, लाटणं पुन्हा चालू व्हायचं. तीस वर्षांत शेकडो कविता अशा पोळपाटावरून पास झाल्या. एकही कुठे छापून आली नाही, आणि त्याचं दोघांनाही काही वाटलं नाही.

मधुमतीला हे वृत्ताचं ज्ञान कुठून आलं? तर तिच्या आईकडून, जात्यावरच्या ओव्यांतून आणि उखाण्यांतून. कॉव्हेंट्रीत तिने शाळेत डिनर लेडी म्हणून पोरांना वाटाणे वाढले आणि रविवारी मंडळात बाराखडी शिकवली, पण तिची खरी ख्याती उखाण्यांची. लग्न ठरलं की मुली तिच्याकडे यायच्या. गॅरेथ नावाच्या वेल्श नवरदेवालासुद्धा तिने उखाण्यात असा बसवला होता की त्याच्या आईने तो चौकटीत लावून ठेवला. दाढीवाल्यांबद्दल तिचं मत चांगलं होतं. "फार खोल जात नाहीत, पण कानाला धरून ठेवतात," ती म्हणायची. "ओवी म्हणणारी बाई असती तर अशीच म्हणाली असती."

मात्र नवऱ्याचं नाव ती उखाण्याबाहेर कधी घेत नसे. मिरजेहून एकोणीसशे शहात्तर साली येताना हा रिवाज तिने सामानाबरोबर आणला आणि तो शेवटपर्यंत टिकला. अहो, ऐकलं का, तनूचे बाबा, आणि इंग्रजीत माय हजबंड. कवींची तसबीर पाहिली तेव्हा म्हणाली, "हे तर घरातले वडीलधारेच दिसतात. यांचंही नाव नको घ्यायला." म्हणून ते दाढीवाले झाले, आणि त्या घरात दोन पुरुषांची नावं तोंडातून निघेनाशी झाली.

एकदा डेपोत नंदूकाकांच्या पायावर जॅक पडला. हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर मधुमतीला विचारलं, नवऱ्याचं नाव काय? ही खाली बघून लाजून हसली. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. शेवटी तिने पर्समधून बसचं तिकीट काढून त्याच्या मागे नाव लिहिलं आणि काचेखालून सरकवलं. त्या बाईला वाटलं, हिला बोलताच येत नाही. हा किस्सा नंदूकाकांनी पुढे चाळीस वर्षं प्रत्येक जेवणावळीत सांगितला. दर वेळी मधुमती लाजायची आणि दर वेळी सगळे हसायचे. हा किस्सा इथे सांगायचं कारण एवढंच, की नंदूकाकांना हे माहीत होतं. त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

तिने त्यांचं नाव पहिल्यांदा घेतलं ते लग्नाच्या दिवशी. मिरजेच्या घराच्या दारात नंदूकाकांच्या बहिणीने दोन्ही हात पसरून वाट अडवली होती. नाव घेतल्याशिवाय आत घेणार नाही म्हणाली. बाकीच्या नवऱ्या मुली पाठ करून आलेलं म्हणतात. मधुमतीने उंबऱ्याला पाऊल टेकवलं, क्षणभर खाली पाहिलं आणि तिथल्या तिथे जुळवलं,

मिरजेच्या तंबोऱ्याला चार तारा ताणल्या,
नंदकुमाररावांनी मनीच्या गोष्टी जाणल्या.

बहीण हसत बाजूला झाली. नाव घेतलं की अडवणाऱ्याने बाजूला व्हायचं, असा तो खेळ.

दाढीवाल्यांची एक गोष्ट नंदूकाकांनी तिला फार पूर्वी सांगितली होती. कवींची बायको एके दिवशी घरात पाकिटावर लाखेची मोहोर लावत होती, तेव्हा तिच्या झग्याला आग लागली. कवी शेजारच्या खोलीतून धावले, गालिचा घेऊन तिला गुंडाळायला गेले, स्वतः भाजले. बायको दुसऱ्या दिवशी गेली. भाजलेल्या चेहऱ्यावर वस्तरा चालेना म्हणून त्यांनी दाढी वाढवली. पुढे दिवस कंठायला ते एका भल्यामोठ्या इटालियन काव्याचं भाषांतर करत बसले.

मधुमतीचं लाटणं थांबलं होतं, पण या वेळी ओळीसाठी नव्हे.

"आणि तिच्यावर कविता?" तिने विचारलं.

"एकच केली. अठरा वर्षांनी. चौदा ओळींची. आणि जिवंत असेपर्यंत छापली नाही."

"का?"

"कुणास ठाऊक."

"लाज वाटली असेल," मधुमती म्हणाली. "शेजारच्या खोलीत असून वाचवता आली नाही, म्हणून."

ती चौदा ओळींची कविता नंदूकाकांनी मराठीत आणायचा किती वेळा प्रयत्न केला. ती मात्र कधीच पोळपाटावरून पास झाली नाही. चौथ्या-पाचव्या ओळीला लाटणं हमखास थांबायचं.

मधुमतीचं विसरणं सुरू झालं तेव्हा तिची इंग्रजी आधी गेली. पोस्टमनला ती मराठीत उत्तर द्यायला लागली. मग वार गेले, मग औषधांच्या वेळा, मग शेजारची घरं. एकदा दुकानातून येताना रस्ता चुकली आणि अनोळखी बागेतल्या बाकावर शांत बसून राहिली. नंदूकाका सगळं निभावत होते. तिची वेणी घालायला शिकले, वरणाला फोडणी द्यायला शिकले. तनू मँचेस्टरला ऑप्टिशियन होती. ती दर शनिवारी यायची, फ्रिजमध्ये डबे लावायची आणि जाताना गाडीत रडायची. पोळ्या मात्र मधुमती अजून लाटत होती, आणि लाटणं अजून योग्य जागी थांबत होतं. तेवढ्यावर नंदूकाकांचा आठवडा निघायचा.

नोव्हेंबरातली दुपार. चारलाच अंधारून आलेलं. नंदूकाका पुढच्या खोलीत तीच चौदा ओळींची कविता घेऊन बसले होते, आणि आतून जळक्या सुताचा वास आला. मधुमती गॅसपाशी उभी होती आणि तिचा पदर पेटला होता. ती त्याच्याकडे नवलाने बघत होती. नंदूकाकांनी काय केलं ते त्यांना नीट आठवत नाही. दारातलं पायपुसणं ओढून तिच्यावर टाकलं आणि उरलेलं दोन्ही तळव्यांनी विझवलं. तिला कोपराजवळ थोडं भाजलं, बाकी काही नाही. त्यांच्या तळव्यांची मात्र सालं निघाली. मधुमती रागावून म्हणाली, "अहो, पदर खराब केलात."

त्या दिवसापासून नंदूकाकांची झोप उडाली. मनुष्य आयुष्यभर दुसऱ्याची गोष्ट वाचतो आणि एक दिवस ती आपल्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहते, म्हटल्यावर काय होणार? शेजारच्या खोलीत बसायची त्यांना भीती वाटायला लागली. बाथरूमचं दार उघडं ठेवून ते आंघोळ करायचे.

तनू आली. बँडेज बघून तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सुरू झाली.

"बाबा, नेक्स्ट टाइम काय? तुम्ही सेवंटी फोर आहे. आई सेफ नाहीये, तुम्ही पण सेफ नाहीये. दर वेळी फोन वाजली की मी आधी कारची चावी शोधते. आय कान्ट डू धिस, बाबा."

"अगं, मी आहे ना."

"तुम्ही आहे म्हणूनच सांगते. प्लीज, असेसमेंट तरी करू या."

तनूचं काही चुकलं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मंडळात पुढे तिच्याच नावाने बोटं मोडली गेली.

असेसमेंट म्हणजे स्मरणशक्तीची तपासणी. तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती आणि फार चांगली होती. तिने आधीच पत्रातून विचारलं होतं, इंटरप्रीटर हवा का? नंदूकाकांनी कळवलं होतं, नको, मी आहे. तीस वर्षं भाषांतर करणाऱ्या माणसाला इंटरप्रीटर कशाला? तनू बाहेर बसली. ते दोघं आत, मधुमती निळ्या साडीत, नंदूकाकांचे बँडेज बांधलेले हात मांडीवर.

आज वार कोणता, महिना कोणता, कागदावर घड्याळ काढून दाखवा. नंदूकाका प्रश्न मराठीत सांगायचे, उत्तर इंग्रजीत. वार चुकला. महिना चुकला. घड्याळाचे सगळे आकडे एका बाजूला गोळा झाले. मग डॉक्टरीणबाईने पेन नंदूकाकांकडे वळवून विचारलं, "हे कोण आहेत?"

"माय हजबंड," मधुमती म्हणाली. तेवढी इंग्रजी तिच्याकडे उरली होती.

"छान. त्यांचं नाव काय?"

मधुमतीने नंदूकाकांकडे पाहिलं. मग मान खाली घातली, पदर नीट केला, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात ते जुनं लाजरं हसू आलं. हॉस्पिटलच्या काचेसमोर आलं होतं तेच. नंदूकाकांनी ते ओळखलं. ओळखलं नाही असं म्हणायची त्यांना सोयच नव्हती.

डॉक्टरीणबाई थांबली. पुन्हा हळूच विचारलं. मधुमती जमिनीकडे बघून हसत राहिली.

"त्यांना तुमचं नाव आठवत नाही, असं कधीपासून आहे?" तिने नंदूकाकांना विचारलं.

एक वाक्य सांगायचं होतं. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, डॉक्टर, ती विसरलेली नाही. चाळीस वर्षं जेवणावळीत जो किस्सा सांगून हशा मिळवला, तो फक्त एकदा इंग्रजीत सांगायचा होता. नंदूकाकांनी तोंड उघडलं. मग मांडीवरच्या हातांकडे लक्ष गेलं. त्या हातांना तीन आठवडे झोप नव्हती. ते घाबरलेले होते, थकलेले होते, आणि कुणीतरी तिला अशा जागी न्यावं जिथे गॅसच नसेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

"काही महिने झाले," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईने लिहून घेतलं. मधुमतीने विचारलं, "काय म्हणाल्या हो त्या?" तिलाही त्यांनी भाषांतर करून दिलं नाही. "काही नाही," म्हणाले.

एवढ्या एका वाक्यावर तिला केअर होममध्ये ठेवायचा निर्णय झाला असं नाही. जळालेला पदर होता, चुकलेला रस्ता होता. पण पुढे जे पत्र आलं त्यात तिसऱ्याच ओळीत होतं, की पेशंट आपल्या पतीचं नाव सांगू शकत नाही. ते वाचून तनूने बाबांना मिठी मारली. "सॉरी, बाबा," ती म्हणाली. "मला माहीत नव्हता की तिने तुम्हाला पण विसरली." नंदूकाका लेकीलासुद्धा खरं सांगू शकले नाहीत.

होम चांगलं होतं. बसने वीस मिनिटांवर, स्वच्छ, उबदार, मागे बाग. मुख्य म्हणजे गॅस नव्हता. दरवाजाला आकडे दाबायचं कुलूप होतं. तिथे मराठी बोलणारं कुणी नव्हतं, हिंदीसुद्धा एकच बाई बोलायची आणि ती रात्रपाळीला. नंदूकाका रोज अकराला जायचे, मधुमतीला कविता वाचून दाखवायचे. पोळपाट नव्हता, पण तिचा हात टेबलावर पुढेमागे फिरत राहायचा आणि ओळ अडली की थांबायचा. पहिले काही महिने हे चाललं. मग हात फिरायचा बंद झाला.

घरी निघायची वेळ वाईट असायची. पहिल्या आठवड्यात ती कोट मागायची, चपला शोधायची, "चला ना, उशीर झाला" म्हणायची. मॅनेजरबाईंनी एकदा नंदूकाकांना बाजूला घेऊन समजावलं, की निरोप घेऊ नका. चारला चहा येतो, तेव्हा त्यांचं लक्ष कपात असतं, तेवढ्यात हळूच निघून जा, त्यांना कमी त्रास होतो. आपल्याकडे न सांगता निघून जाणाऱ्याला पळपुटा म्हणतात, ते नंदूकाकांना ठाऊक होतं. तरी रोज चारला ते चोरासारखे उठायचे, आकडे दाबायचे आणि मागे वळून न बघता बसस्टॉप गाठायचे. अकरा महिने त्यांनी हे केलं.

उन्हाळा संपेपर्यंत ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. ते आले की बघायची, बाजूला बसू द्यायची, कधी त्यांच्या तळव्यांवरच्या गुलाबी डागांवरून बोट फिरवायची. पण अहोसुद्धा म्हणायची नाही. आणि इथे नंदूकाकांच्या मनाने एक आधार शोधला. त्याला आधार म्हणायची आपल्याला लाज वाटेल, पण बुडणारा माणूस काय धरेल याचा नेम नसतो. त्यांना वाटलं, आता ती खरंच विसरली. आता आपलं नाव तिच्यात कुठेच नाही. म्हणजे आपण डॉक्टरांना खोटं सांगितलं नाही, फक्त जरा आधी सांगितलं. हे ते रोज बसमध्ये स्वतःला सांगायचे, आणि हळूहळू त्यांना ते पटलं. त्या पटण्यावरच ते जगले.

फेब्रुवारीत मधुमतीला न्यूमोनिया झाला आणि ती चार दिवसांत गेली. नंदूकाका आणि तनू दोघंही जवळ होते. ती काही बोलली नाही.

त्यानंतर नंदूकाकांनी दाढी करायचं सोडलं. मंडळाला वाटलं, दाढीवाल्यांची नक्कल. खरं असं, की दाढी करायला आरशात बघावं लागतं, आणि त्यांना स्वतःचं तोंड बघवत नव्हतं. ते रोज टेबलाशी बसायचे. दाढीवाल्यांना अठरा वर्षांनी चौदा ओळी सुचल्या, आपल्याला निदान दोन तरी सुचाव्यात असं त्यांना वाटे. मधुमतीवर दोन ओळी. एकही धड जमली नाही. लाटणं ड्रॉवरमध्ये होतं, कधी कधी ते काढून टेबलावर ठेवायचे, फिरवायचे नाहीत.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी दार वाजलं. होममधली सारा होती. तिशीतली, कॉव्हेंट्रीतच वाढलेली, मधुमतीचे केस रोज तीच विंचरायची. ती तिथली नोकरी सोडून नर्सिंग शिकायला चालली होती. मधुमतीची राखाडी शाल लॉन्ड्रीत दुसऱ्या कुणाच्या कपड्यांत गेली होती, ती सापडली म्हणून द्यायला आली होती. नंदूकाकांनी तिला आत बसवलं, चहा केला. आता घरात इंडक्शनची शेगडी होती. ती आधी का नाही आणली, हा प्रश्न त्यांना रोज चहाच्या वेळी पडायचा.

साराने कप खाली ठेवला. "नंदू, एक विचारायचं होतं. कधीपासून विचारीन म्हणते," ती तिच्या इंग्रजीत म्हणाली. "मधू रोज एक गाणं म्हणायची. म्हणजे गाणं नाही, पण चाल होती. तुम्ही गेलात ना, की चहा तसाच टाकून दारापाशी यायची. मी दाराशी उभी असायची, त्या वेळी आम्हाला तिथे उभं राहावंच लागतं. बाकीची माणसं दार ठोकतात, रडतात. मधू कधी रडली नाही. ती दाराला पाऊल टेकवायची, खाली बघायची आणि ते म्हणायची. आणि मग माझ्याकडे बघून हसायची आणि थांबायची. जसं काही मी आता बाजूला होणार."

नंदूकाकांनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"मला काहीच कळायचं नाही. मी म्हणायची, चल मधू, चहा गार होतोय. मग ती पुन्हा म्हणायची. कधी कधी चार-पाच वेळा. मला वाटायचं मी काहीतरी चुकतेय. म्हणून एकदा फोनवर घेतलं, कुणाला तरी विचारायला. मग राहूनच गेलं, त्याबद्दल सॉरी. आजारी पडायच्या आदल्या आठवड्यातलं आहे." तिने फोन पुढे धरला. "ऐकवू?"

नंदूकाकांनी मान हलवली, हो की नाही ते तिला कळलं नाही. तिने बटण दाबलं.

पडद्यावर होमचा कॉरिडॉर होता. मधुमती शाल पदरासारखी डोक्यावरून घेऊन उभी होती. केस नीट विंचरलेले. एक पाऊल पुढे, दाराच्या पट्टीला टेकलेलं. ती खाली बघत होती, आणि ओठाच्या कोपऱ्यात ते हसू होतं. मग तिने मान वर केली आणि अगदी स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हटलं,

बाहेर पाऊस, बाहेर वारा, उभी मी दारात,
नंदकुमाररावांचं नाव घेते, घ्या मला घरात.

आणि ती थांबली. साराचा आवाज आला, चल मधू, चहा गार होतोय. मधुमतीने मान हलवली आणि पुन्हा म्हटलं, जरा हळू, समोरच्याला नीट कळावं म्हणून. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. कुठेही लाटणं थांबलं नसतं.

चित्र संपलं. विसरली, या एका शब्दावर त्यांनी उन्हाळ्यानंतरचे सगळे महिने काढले होते, तो शब्द गेला. ती विसरली नव्हती. त्यांच्यासमोर नाव घ्यायचं नाही म्हणून ते असेपर्यंत गप्प बसत होती. ते गेले, की दारात जाऊन रोज त्यांचं नाव घेत होती. नाव घेतलं की वाट सोडतात, हा नियम ती पाळत होती आणि वाट सोडायची वाट बघत होती. त्या वेळी ते बसस्टॉपवर उभे असायचे, पन्नास पावलांवर, दाराकडे पाठ करून.

"काय आहे त्याचा अर्थ?" साराने विचारलं. "तुम्ही ट्रान्सलेट करता ना, मधूची मुलगी सांगत होती."

नंदूकाकांनी एकेक शब्द इंग्रजीत करून सांगितलं. बाहेर पाऊस आहे. वारा आहे. मी दारात उभी आहे. मी नंदकुमारचं नाव घेते आहे, मला घरात घ्या.

"पण ती तर आतच होती," सारा म्हणाली.

"तिला ते आत वाटत नव्हतं."

"आणि नंदकुमार कोण?"

"मी," नंदूकाका म्हणाले. "माझं पूर्ण नाव." मग तिने विचारलं नव्हतं तरी ते पुढे बोलले. "मी डॉक्टरांना सांगितलं होतं, की तिला ते आठवत नाही. तिला आठवत होतं. मला माहीत होतं."

साराने त्यांचा हात हातात घेतला, तळव्यावरचे वण तिला जाणवले असतील. मग ती म्हणाली, "व्हिडिओ तुम्हाला पाठवून ठेवते." नंदूकाका म्हणाले, "एकदा परत लाव." तिने लावला.

या वेळी मधुमती नाव घेऊन थांबली तेव्हा नंदूकाका उठले. पुढच्या खोलीतून दारापाशी गेले, साखळी काढली आणि दार सताड उघडलं. बाहेर बारीक पाऊस होता, वाराही होता, तो शाल ठेवलेल्या खुर्चीपर्यंत आत आला. दार धरून ते भिंतीला अंग चिकटवून बाजूला उभे राहिले, एक माणूस सहज आत येईल एवढी जागा ठेवून.

साराला वाटलं, आपल्याला निघायला सांगतायत. तिने घाईने कोट चढवला, फोन खिशात टाकला, "टेक केअर, नंदू" म्हणून त्यांच्या अंगावरून बाहेर पडली आणि पावसात पळत गाडीकडे गेली. गाडी वळवताना तिने पाहिलं, तर दार अजून उघडंच होतं.